आखाजीला माहेरी न आलेली लेक

खानदेशात आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लेक माहेरी आली नाही की गल्लीत विचारणा होते. दारच्या निंबाला झोका बांधलेला असतो, भाऊ तिला आणायला मुराळी म्हणून जातो आणि एकटाच परत येतो. "पाहुणे यंदा नको म्हणाले." पहिल्या वर्षी केळीच्या कामाचं कारण, दुसऱ्या वर्षी सासूचं दुखणं. तिसऱ्या वर्षी कोणी विचारतही नाही.

मधल्या काळात तिचा फोन नवऱ्याच्या ताब्यात गेलेला असतो. ‘लाडकी बहीण’चे 1500 रुपये तिच्याच खात्यात येतात, पण एटीएम कार्ड त्याच्या खिशात. दवाखान्यात तो सोबत येतो आणि डॉक्टरांनी तिला विचारलेल्याची उत्तरं तोच देतो. तिच्या अंगावर वळ एकही नाही.

अमेरिकन समाजशास्त्रज्ञ इव्हान स्टार्क यांनी 2007 मध्ये अशा छळाची सविस्तर मांडणी केली. त्यांच्या मते हे सुटे सुटे प्रसंग नसतात. बाईचं स्वातंत्र्य रोज थोडं थोडं काढून घेण्याची ती एक पद्धत असते. मारहाण हे त्यातलं फक्त एक हत्यार, आणि धाक पुरेसा बसला की ते उचलावंही लागत नाही. इंग्लंड-वेल्समध्ये 2015 च्या कायद्याने हा वेगळा गुन्हा ठरला. आपल्या 2005 च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यातही शारीरिक आणि लैंगिक छळाबरोबर शाब्दिक, भावनिक आणि आर्थिक छळ स्पष्ट लिहिलेला आहे. माझ्या मते कायद्यापेक्षा जास्त अडतं ते पहिल्या प्रश्नावर.

"तुले मारस का?" चौकीत हेच विचारतात, दवाखान्यातही हेच. ती नाही म्हणते, आणि ते खरंही असतं. नोंदवहीत ‘किरकोळ घरगुती वाद’ एवढं पडतं. त्याऐवजी विचारावं: "न सांगता माहेरी गेलीस तर काय होईल?" या प्रश्नावर ती कशी गप्प होते, दाराकडे कशी बघते, यातच बरंच कळतं.

दुसरा प्रश्न गळ्याचा. पूर्वी कधी जोडीदाराने गळा दाबला असेल, तर पुढे त्याच्या हातून जीव जाण्याची शक्यता सात पटींहून अधिक वाढते, असं अमेरिकेतल्या 2008 च्या एका अभ्यासात आढळलं. मेंदूचा रक्तपुरवठा काही सेकंद थांबला तरी शुद्ध हरपते. मात्र वरून कातडीवर अनेकदा काहीच दिसत नाही. आवाज बसणं, गिळताना दुखणं, डोळ्यांत लाल ठिपके, तेवढ्या वेळेपुरतं काही न आठवणं, ही लक्षणं मुद्दाम विचारावी लागतात. केसपेपरवर ‘घसा दुखतो’ एवढंच लिहिलं तर पुढच्या डॉक्टरला काय कळणार?

तिची हकीकत मागेपुढे होते, तारखा चुकतात. भेदरलेला मेंदू प्रसंग सलग साठवत नाही. वास, आवाज, एखादा शब्द पक्का राहतो आणि क्रम निसटतो. सतत धास्तीत राहिलं की झोप आणि एकाग्रताही जाते. म्हणून उलटसुलट बोलणं हा खोटेपणाचा पुरावा मानू नये.

आणि समेट! दोघांना समोरासमोर बसवून "नांदायला जा" म्हणणं मला सगळ्यात घातक वाटतं. त्याच्यादेखत ती खरं बोलूच शकत नाही, आणि घरी गेल्यावर बोललेल्या प्रत्येक शब्दाचा हिशोब होतो. ती घर सोडायचं ठरवते किंवा नुकतीच बाहेर पडते तो काळ सर्वात धोक्याचा असतो, हे संशोधनात पुन्हा पुन्हा दिसलंय. त्या दिवसांत संरक्षण आधी हवं.

एकेका कार्यालयाला एकच तुकडा दिसतो. आशाताईला फोन बंद लागतो, शाळेला मुलाची गैरहजेरी दिसते, पोलीस पाटलाला रात्रीचा आरडाओरडा ऐकू येतो. वेल्समधल्या कार्डिफ शहरात 2003 पासून पोलीस, आरोग्य आणि समाजसेवेची माणसं अतिधोक्याच्या प्रकरणांवर एकत्र बसू लागली. आपल्याकडे 1984 पासून मुंबईत टाटा समाजविज्ञान संस्थेने पोलिसांच्याच आवारात समाजकार्यकर्त्या बसवल्या. 2005 च्या कायद्याखाली नेमलेल्या तालुक्याच्या संरक्षण अधिकाऱ्याने महिन्यातून एकदा ही सगळी माणसं एका टेबलाशी आणली, तरी तुकडे जुळायला लागतील.

असा छळ होत असल्याची माहिती संरक्षण अधिकाऱ्याला कोणीही देऊ शकतं. शेजारणीलाही तो हक्क आहे. 181 ही महिलांची हेल्पलाइन, तातडीला 112. पण तिच्या फोनवर हे नंबर पाठवू नका, तो फोन त्याच्या हातात असतो. "ताई, वजन करायचंय, आत या," म्हणून नर्सबाईंनी तिला एकटीला आत घ्यावं, दार लोटावं आणि मग विचारावं.