चाळीस किलो उचलले, तेव्हा शरीरात काय बदलले होते?

फोंड्यातल्या आमच्या जिममध्ये आरशाशेजारी एक काळा फळा टांगलेला आहे. कोणी आपल्या आधीच्या आकड्याच्या पुढे गेले की नाव, व्यायाम आणि वजन त्यावर खडूने लिहिले जाते. जूनमधल्या एका संध्याकाळी, बाहेर पाऊस कोसळत असताना, तिथे ‘बाई – डेडलिफ्ट – ४०’ अशी ओळ उमटली. डेडलिफ्ट म्हणजे जमिनीवरचा रॉड दोन्ही हातांनी धरून सरळ उभे राहणे. बाई म्हणजे बासष्ट वर्षांच्या निवृत्त प्राथमिक शिक्षिका. वीस किलोचा रॉड आणि दोन्ही बाजूंना दहा-दहाच्या प्लेट्स. “बाई, पाठ सरळ ठेवा, रॉड पायांना घासतच वर येऊ दे,” असे ट्रेनर सांगत होता. रॉड गुडघ्यांपाशी क्षणभर अडला, थरथरला आणि मग वर आला. टाळ्या झाल्या, कोणीतरी आणलेल्या पेढ्यांचा पुडा फिरला.

दीड महिन्यापूर्वी याच बाईंना रिकामा रॉडही जड वाटत होता. त्याच संध्याकाळी ट्रेनरने मापनफीत काढून त्यांच्या मांडीचा घेर मोजला, तेव्हा तो पहिल्या दिवशी होता तेवढाच निघाला. बाईंनी थोड्या खट्टू होऊन विचारले, “मग ही ताकद आली कुठून?” माझ्या मते जिममध्ये विचारला जाणारा हा सर्वांत चांगला प्रश्न आहे, कारण त्याच्या उत्तरातच आपण नेमके कशाचे पेढे वाटतो हे दडलेले आहे.

स्नायू स्वतःहून आकुंचन पावत नाही, त्याला पाठीच्या कण्यातल्या चेतापेशींकडून हुकूम यावा लागतो. एक चेतापेशी आणि तिच्या ताब्यातले स्नायुतंतू मिळून एक पथक बनते, त्याला ‘मोटर युनिट’ म्हणतात. हलके काम असेल तर लहान पथके कामाला लागतात, भार वाढला की क्रमाने मोठी पथके बोलावली जातात. नवख्या माणसात ही मोठी पथके पूर्ण जोमाने कामाला जुंपली जात नाहीत, हुकूम पुरेशा वेगाने सुटत नाहीत, आणि मांडीच्या पुढचे व मागचे स्नायू काही प्रमाणात एकमेकांच्या विरुद्ध ओढत राहतात. पहिल्या काही आठवड्यांच्या सरावाने मुख्यतः ही व्यवस्था सुधारते. स्नायू तेवढाच असतो, पण त्याच्याकडून काम करून घेणारी यंत्रणा तरबेज होते. बाईंचे चाळीस किलो हे प्रामुख्याने त्यांच्या मज्जासंस्थेचे यश होते.

याचा एक जुना आणि विलक्षण पुरावा आहे. १८९४ मध्ये येल विद्यापीठातील एडवर्ड स्क्रिप्चर या मानसशास्त्रज्ञाने दाखवले की एकाच हाताला ताकदीचा सराव दिला, तरी सराव न केलेल्या दुसऱ्या हाताची ताकदही वाढते. त्या दुसऱ्या हाताच्या स्नायूने काहीच कष्ट केलेले नसतात. शिकलेली असते ती दोन्ही हातांना हुकूम देणारी व्यवस्था. आज हात प्लास्टरमध्ये असलेल्या रुग्णाला धडधाकट हाताचा व्यायाम करायला सांगितला जातो, त्यामागे हेच तत्त्व आहे.

१९९० मध्ये बोस्टनच्या एका शुश्रूषागृहात झालेला अभ्यास तर बाईंच्या वयाच्या प्रत्येकाला माहीत असायला हवा. साधारण नव्वदीतल्या नऊ अशक्त वृद्धांनी आठ आठवडे पायांच्या स्नायूंचा, चांगल्या वजनाचा व्यायाम केला. त्यांची ताकद सरासरी १७४ टक्क्यांनी वाढली, मांडीच्या स्नायूचे क्षेत्रफळ मात्र सुमारे ९ टक्क्यांनीच वाढले. हे दोन आकडे शेजारी ठेवले की मापनफितीवर रुसणे किती अन्यायाचे आहे ते कळते.

पुढे स्नायूही जाड होतो, पण सावकाश, आणि नेमकी तिथेच आकड्यांची चाल मंदावते. पहिल्या दोन महिन्यांत दर आठवड्याला नवी ओळ फळ्यावर जाते, वर्षभरानंतर अडीच किलो वाढवायला दोन-दोन महिने लागतात. बहुतेक जण याच सुमारास जिम सोडतात असा माझा अनुभव आहे. त्यांचे शरीर थांबलेले नसते, आनंदाचे प्रसंग विरळ झालेले असतात.

ही विरळता मनाला इतकी का लागते, हे समजण्यासाठी डोपामाइनकडे पाहावे लागेल. त्याला सरसकट ‘आनंदाचे रसायन’ म्हटले जाते, ते अपुरे आहे. मेंदूशास्त्रज्ञ वुल्फराम शुल्त्झ यांनी माकडांवर केलेल्या प्रयोगांत असे दिसले की रसाचा थेंब अनपेक्षितपणे मिळाला की डोपामाइनच्या पेशी उसळून संदेश देतात. तोच रस एखाद्या खुणेनंतर नेहमी मिळू लागला की उसळी त्या खुणेपाशी सरकते, आणि रसाच्या वेळी काहीच विशेष घडत नाही. खूण दिसूनही रस मिळाला नाही, तर पेशींची हालचाल नेहमीपेक्षा मंदावते. म्हणजे मेंदू बक्षिसापेक्षा अपेक्षा आणि प्रत्यक्ष यांतला फरक मोजतो. दर आठवड्याला वाढ होणारच असे गृहीत धरलेल्या माणसाला एक सपाट आठवडा तोट्यासारखा वाटतो, तो यामुळेच, असे मला वाटते.

म्हणून टप्पे एकाच मापाचे नसावेत. तेच वजन पाचऐवजी आठ वेळा उचलणे, प्रत्येक रेपमध्ये (म्हणजे प्रत्येक उचलीत) पाठ न वाकणे, दोन सेटमधली (सलग उचलींच्या दोन फेऱ्यांमधली) विश्रांती कमी लागणे, सकाळी उठल्यावरची नाडी संथ होणे, या सगळ्या खऱ्या शारीरिक घटना आहेत. गोव्यात तर हवामानाचाही हिशेब धरला पाहिजे. मे महिन्यात हवा दमट असल्यामुळे घाम वाळत नाही, अंग थंड करण्यासाठी रक्त त्वचेकडे वळते, आणि त्याच कामासाठी हृदयाला जास्त ठोके द्यावे लागतात. डिसेंबरमधला आकडा मे महिन्यात टिकवला, तर तेही फळ्यावर लिहिण्याजोगे आहे.

गोल आकड्यांची ओढ मात्र सांभाळावी. जवळजवळ एक कोटी मॅरेथॉन धावांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात चार तासांच्या किंचित आत शर्यत संपवणाऱ्यांची गर्दी, किंचित नंतर संपवणाऱ्यांपेक्षा ठळकपणे जास्त आढळली. शरीराला चार तासांचे काही विशेष नसते, मनाला असते. धावताना ही ओढ उपयोगी पडते, पण पाठीवर भार असताना पन्नाससाठी हट्ट धरला की फॉर्म मोडतो आणि कंबर दुखावते. यासाठी अंदाजाचे एक सोपे सूत्र वापरता येते: रेप्सच्या संख्येला तीसने भागा, त्यात एक मिळवा आणि उचललेल्या वजनाने गुणा. तीस किलो जेमतेम आठ वेळा उचलता आले, तर एका वेळेची कमाल क्षमता सुमारे ३८ किलो येते. रेप्स फार वाढल्या की हा अंदाज सैल होतो, तरी दर आठवड्याला कमाल वजनाशी झुंजण्यापेक्षा तो कितीतरी सुरक्षित आहे.

वजनकाट्यावरचा आकडा मी या उत्सवातून वगळतो. स्नायू आणि यकृतात साठवलेल्या प्रत्येक ग्रॅम ग्लायकोजेनबरोबर (शरीराने साठवून ठेवलेल्या साखरेबरोबर) सुमारे तीन ग्रॅम पाणी राहते. त्यामुळे चवथीच्या, म्हणजे गणेशचतुर्थीच्या, दोन दिवसांत नेवऱ्या आणि पातोळ्या खाल्ल्यावर काटा किलो-दीड किलोने वर जातो, त्यात चरबी थोडीशीच असते. नंतर तो तितक्याच झपाट्याने उतरतो, तेव्हाही साजरे करण्यासारखे काही घडलेले नसते.

आनंद साजरा कसा करावा, यालाही महत्त्व आहे. १९७३ च्या एका प्रसिद्ध प्रयोगात चित्रे काढायला मनापासून आवडणाऱ्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केले, तेव्हा त्यांनी पुढे मोकळ्या वेळात चित्रे कमी काढली. ज्यांना बक्षीस अचानक मिळाले, त्यांची आवड तशीच राहिली. त्यामुळे ‘पन्नास झाले की नवे बूट’ असा सौदा स्वतःशी करण्यापेक्षा फळ्यावरची ओळ, बरोबरीच्यांच्या टाळ्या आणि न ठरवता आलेले पेढे मला अधिक मोलाचे वाटतात.

चवथीची धामधूम आणि त्यानंतरचा ताप यांमुळे बाईंचा व्यायाम दोन महिने बंद पडला. परतल्या तेव्हा तीस किलोही जड जात होते आणि त्या हिरमुसल्या होत्या. पण एकदा कमावलेली ताकद परत मिळवायला पहिल्यापेक्षा कमी वेळ लागतो. व्यायामाने वाढणाऱ्या स्नायुतंतूंमध्ये नव्या केंद्रकांची भर पडते, आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या उंदरांवरील संशोधनात असे दिसले की स्नायू रोडावला तरी ही केंद्रके टिकून राहतात. चेतापेशींनी शिकलेले कसबही सहजासहजी पुसले जात नाही.

तीन आठवड्यांनी रॉडवर पुन्हा दहा-दहाच्या प्लेट्स चढल्या. या वेळी तो गुडघ्यांपाशी अडला नाही. ट्रेनर म्हणाला, “बाई, हा आकडा फळ्यावर आधीच आहे.” बाईंनी तळहातांचा घाम पुसला, खडू उचलला आणि जुन्या ओळीखाली शाळेतल्या वळणदार अक्षरात लिहिले, ‘पुन्हा ४०’.