पंखा फिरतोय, मग मशीन बंद का पडतेय?

विदर्भात मे महिन्यात कंप्युटर सांभाळणं सोपं नाही. चंद्रपूर, ब्रह्मपुरी, अकोला, वर्धा, सगळीकडे पारा ४५ च्या आसपास, आणि प्रोसेसरवरचा पंखा म्हणजे काही एसी नाही, तो खोलीतलीच हवा चिपवर मारतो, त्यामुळे चिप खोलीपेक्षा थंड कधीच होत नाही. हिवाळ्यात २५ अंशाच्या खोलीत जी चिप ६५ ला जाते तीच तेवढ्याच कामाला नवतप्यात ८५ च्या घरात जाऊन बसते. मग पंखा जोरात फिरवावा लागतो, आणि तेव्हाच एक बग बाहेर येतो जो थंडीत कोणाच्या लक्षातही येत नाही.

हिंगणघाटकडच्या एका गावात सेवा केंद्र चालवणाऱ्या एका दादांकडे लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमवर चालणारा छोटा डबा आहे, सातबारा, दाखले, पीक विमा सगळं त्यावरच. दुपार झाली की तो आपोआप बंद, आणि बाहेर म्हाताऱ्या माणसांची लाइन लागलेली. लॉगमध्ये एकच ओळ, पंख्याचा वेग कमी झाला म्हणून मशीन बंद केली. दादा म्हणाले, "पंखा तं मस्त फिरून रायला ना भाऊ, मंग हे काहून बंद पडते?" बाजूलाच जिनिंग, हंगामात उडालेली रुई आत जाऊन बसते, म्हणून पहिला संशय तिच्यावरच. पंखा साफ केला, मग नवीनच लावला, तरी तेच. म्हणजे पंखा बरोबर होता आणि आकडा चुकत होता. आता हा आकडा येतो कुठून ते बघू.

चार वायरीच्या पंख्यात एक ग्राउंड, एक १२ व्होल्टची, एक वेग ठरवणारी आणि एक वेग सांगणारी. ठरवणाऱ्या वायरवर सेकंदाला साधारण २५,००० वेळा चालू-बंद होतं, त्यात चालूचा वाटा जितका जास्त तितका पंखा जोरात. सांगणारी वायर एका फेरीला दोन ठोके देते. पण पंखा सांभाळणारी वेगळी कंट्रोलर चिप मिनिटभर ठोके मोजत बसत नाही, तेवढा वेळ कोणाकडे आहे! बऱ्याच चिपमध्ये सेकंदाला ९०,००० टिकटिक करणारं घड्याळ असतं आणि एका फेरीला किती टिकटिक लागल्या तेवढंच ती लिहून ठेवते. त्या संख्येने ५४,००,००० ला (९०,००० गुणिले ६० सेकंद) भागलं की आरपीएम, म्हणजे मिनिटाला किती फेऱ्या. पंखा ३००० ने फिरत असेल तर संख्या येते १८००. हा भागाकार ड्रायव्हर, म्हणजे चिपशी बोलणारा प्रोग्रॅम करतो, त्यामुळे आपल्याला दिसणारा वेग हा मोजलेला नसून काढलेला असतो, आणि मला वाटतं पंख्याच्या ड्रायव्हरमध्ये काहीही शोधायचं तर आधी हे डोक्यात बसलं पाहिजे.

लिनक्समध्ये हे सगळं एचडब्ल्यूमॉन नावाच्या विभागात साध्या फाइल्समधून दिसतं. 'फॅन१_इनपुट' मध्ये आरपीएम, 'टेंप१_इनपुट' मध्ये तापमान अंशाच्या हजाराव्या भागात, म्हणजे ८५००० दिसलं तर ८५ अंश, घाबरायचं नाही. 'पीडब्ल्यूएम१' मध्ये त्या चालू-बंदमधला चालूचा वाटा, ० ते २५५. आधी 'पीडब्ल्यूएम१_एनेबल' मध्ये १ टाकून पंखा आपल्या ताब्यात घ्यायचा आणि एकेका वेगावर स्थिर ठेवून आकडे बघत राहायचे. आम्ही तेच केलं. बाकी वेगांवर सगळं ठीक, पण ३०१४ च्या आसपास आकडा ३०१३, ३०१५ असा चालता चालता एकदम २६३८, नाहीतर ३५१५. दरवेळी हेच दोन. पंखा खराब असता तर आकडे कसेही उड्या मारतील, नेमके तेच दोन कशाला येतील?

म्हणून भागाकार उलटा केला. ३०१३ म्हणजे १७९२ टिकटिक आणि ३०१५ म्हणजे १७९१. ही चिप एका वेळी ० ते २५५ एवढाच आकडा देऊ शकते, म्हणून संख्या दोन तुकड्यात ठेवते, वरचा तुकडा गुणिले २५६ अधिक खालचा तुकडा. १७९२ म्हणजे ७ आणि ०, १७९१ म्हणजे ६ आणि २५५. आता जुना ७ आणि नवा २५५ जोडा, होतात २०४७, आणि त्याचा वेग निघतो २६३८! जुना ६ आणि नवा ०, म्हणजे १५३६, वेग ३५१५. मोटरसायकलच्या मीटरवर १९९ चं २०० होत असताना एकाने आधी डावीकडचा १ लिहिला आणि मग उजवीकडे बघून ०० लिहिले तर वहीत १०० पडतात, अगदी तसंच.

चिपच्या डेटाशीटमध्ये, म्हणजे कंपनीच्या माहितीपत्रकात, यावर उपाय दिलेलाच असतो, खालचा तुकडा आधी वाचा, तो वाचला की वरचा तुकडा तुम्ही वाचेपर्यंत गोठून राहतो. डब्यासोबत आलेला ड्रायव्हर वरचा आधी वाचत होता. त्यामुळे झालं आणखी वाईट, कारण शेवटी खालचा वाचला की वरचा गोठायचा आणि पुढच्या वाचनाला तोच शिळा तुकडा हातात यायचा. हे नुसतं कोड वाचून मानायचं नाही, कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा, त्यातल्या एफट्रेस या नोंद ठेवणाऱ्या साधनाने तारेवर कोणता तुकडा कधी वाचला त्याचा क्रम दिसतो, तिथं सरळ दिसलं. बाहेरून आयटूसीडंप, म्हणजे चिपमधले सगळे आकडे थेट वाचणारी कमांड, मारून बघायचा मोह होतो, पण ड्रायव्हर चालू असताना तो मारू नका, तुमच्या वाचण्यानेच तुकडे गोठतात आणि काही चिपमध्ये अलार्मची खूण वाचली की पुसली जाते, म्हणजे पुरावाच गायब.

हिवाळ्यात हे का नाही दिसलं? पंखा १२०० च्या आसपास असला की असली चूक ६०-७० आरपीएमची, कोण बघतो. ३००० ला तीच चूक चारशे-पाचशेची होते, आणि जोरात फिरताना अलार्म २८०० वर लावलेला, मग २६३८ आलं की मशीन बंद.

दुरुस्ती म्हणजे दोन ओळींची अदलाबदल. पण तेवढ्यावर सोडायचं नाही, दोन प्रोग्रॅम एकाच वेळी वेग विचारतात तेव्हा एकाने खालचा आणि दुसऱ्याने वरचा तुकडा नेला तर पुन्हा तोच घोळ, म्हणून दोन्ही वाचनांभोवती म्यूटेक्सचं कुलूप लागतं, म्हणजे एकाचं वाचून होईपर्यंत दुसरा थांबतो. मला मनापासून वाटतं की असे ड्रायव्हर विकणाऱ्याच्या सीडीत पडून न राहता मूळ कर्नेलमध्ये गेले पाहिजेत, तिथं चार जाणकार लोक हे वाचतात आणि असली चूक बहुतेक तिथंच पकडली जाते.

तुमच्याकडे असं काही दिसलं तर 'पंखा खराब' एवढंच लिहून पाठवू नका. चिपचा नंबर, कर्नेलचं व्हर्जन, डीमेसेजचा (कर्नेलचे संदेश दाखवणाऱ्या कमांडचा) आउटपुट, आणि कोणत्या पीडब्ल्यूएमवर कोणता आकडा आला तो तक्ता जोडा, त्यातल्या विचित्र आकड्यांवर उलटा भागाकार करून बघा आणि तोही लिहा.