उन्हाचे बळी दाखल्यावर का दिसत नाहीत?

21 मे 2010 रोजी अहमदाबादेत पारा 46.8 अंशांवर पोहोचला. त्या महिन्यात शहरात उन्हाने किती माणसं गेली, हे मृत्यूच्या दाखल्यांवरची कारणं वाचून कळण्यासारखं नव्हतं. ते कळलं एका वजाबाकीतून. त्या मे महिन्यात सगळ्या कारणांनी मिळून 4,462 मृत्यू नोंदले गेले होते. आगल्यामागल्या वर्षांच्या मे महिन्याचा हिशेब धरला, तर 3,118 अपेक्षित होते. म्हणजे 1,344 माणसं जास्तीची गेली, 43 टक्क्यांनी अधिक.

दाखला खोटा असतो असं नाही. शरीराच्या आतलं तापमान 40 अंशांच्या पुढे जाऊन माणूस बरळू लागला, शुद्ध हरपली, की डॉक्टर उष्माघात म्हणतात. पण उन्हाने जाणारे बहुतेक प्रौढ तिथवर पोहोचतच नाहीत. अंग थंड ठेवायला रक्त कातडीकडे वळवावं लागतं, त्यासाठी हृदयाला जास्त जोर लावावा लागतो. घामावाटे पाणी आणि मीठ जातं, रक्त घट्ट होतं, मूत्रपिंडांचा रक्तपुरवठा घटतो. सत्तरीतलं हृदय हा ताण दोन-तीन दिवस काढतं आणि थांबतं. रक्तदाबासाठी लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर आणखी लवकर. दाखल्यावर येतं ‘हृदयविकार’, आणि ते खरंही असतं. वीटभट्टीवर किंवा स्लॅबवर राबणाऱ्या तिशीतल्या माणसाचं गणित वेगळं: बाहेरच्या उन्हात त्याच्या स्वतःच्या स्नायूंची उष्णता मिसळते, त्यामुळे धडधाकट माणूसही तासाभरात कोसळू शकतो. त्यात रात्री पत्र्याची खोली निवलीच नाही, तर दिवसभराचा ताण उतरायला वेळच मिळत नाही.

जास्तीचे मृत्यू मोजायची रीत जुनी आहे. 1847 मध्ये लंडनला इन्फ्लुएन्झाची साथ आली, तेव्हा तिथल्या नोंदणी कार्यालयातल्या विल्यम फार यांनी याच पद्धतीने साथीचे खरे बळी काढले. कारण काहीही लिहिलेलं असो, नेहमीपेक्षा किती जास्त गेले ते पाहायचं.

उन्हाचे बळी कसे मोजायचे यावरून वाद पेटला तो अमेरिकेतल्या शिकागोत, जुलै 1995 मध्ये. तिथले वैद्यकीय परीक्षक, म्हणजे संशयास्पद मृत्यूंचं कारण ठरवणारे सरकारी डॉक्टर, एडमंड डोनोह्यू यांनी साधे निकष लावले: मृत्यूच्या वेळी शरीराचं तापमान फार वाढलेलं होतं का, मृतदेह तापलेल्या खोलीत सापडला का, ती व्यक्ती शेवटची जिवंत दिसली तेव्हा उन्हाचा कहर चालू होता का. शवागार अपुरं पडल्याने मृतदेह शीतवाहनांत ठेवावे लागत होते, आणि महापौर रिचर्ड डेली जाहीरपणे त्यांच्या आकड्यांवर शंका घेत होते. पुढे वजाबाकी झाली तेव्हा त्या आठवड्यातले जास्तीचे मृत्यू 739 निघाले, परीक्षकांच्या मोजणीहूनही जास्त. मेलेल्यांत एकटे राहणारे म्हातारे खूप होते. काहींनी चोरीच्या भीतीने खिडक्या लावून घेतल्या होत्या. 2003 च्या ऑगस्टमध्ये फ्रान्समध्ये हेच घडलं, 15 हजारांच्या आसपास जास्तीच्या मृत्यूंनी.

अहमदाबादेत मात्र आकड्यावरून भांडण न होता काम झालं, आणि मला ते फार मोलाचं वाटतं. गांधीनगरच्या भारतीय सार्वजनिक आरोग्य संस्थेचे डॉ. दिलीप मावळणकर आणि त्यांचे सहकारी महापालिकेबरोबर बसले आणि 2013 मध्ये दक्षिण आशियातला पहिला शहरी उष्णता कृती आराखडा आला. तापमानाच्या टप्प्यांनुसार इशारे, 45 अंशांना लाल. पाणपोया, दवाखान्यांतल्या कर्मचाऱ्यांना प्रशिक्षण, नंतर छतांना पांढरा रंग. वर्षाला सरासरी 1,100 हून जास्त मृत्यू टळले असावेत, असा अंदाज 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासाने मांडला. पुढे नागपूरसह अनेक शहरांनी असे आराखडे केले.

पण अहमदाबादचे आकडे कोकणाला लागू पडत नाहीत. दमट हवेत घाम वाळत नाही आणि न वाळलेला घाम अंग थंड करत नाही. म्हणून हवामान खातं किनाऱ्यावर 37 अंशांपासूनच उष्णतेच्या लाटेचा विचार करतं, मैदानी भागात 40 पासून. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या मैदानात महाराष्ट्र भूषण सोहळ्यात तासन्‌तास उन्हात बसलेल्यांपैकी 14 जण दगावले, तेव्हा जवळच्या केंद्रावर पारा 38 च्या आसपास होता.

ते 14 मोजले गेले, कारण ते सगळ्यांच्या डोळ्यांदेखत कोसळले. देशात नोंदल्या जाणाऱ्या मृत्यूंपैकी जेमतेम पाचव्या हिश्शाला डॉक्टरांनी प्रमाणित केलेलं कारण मिळतं. चंद्रपुरात पत्र्याच्या खोलीत दुपारी आडवी झालेली आणि संध्याकाळी न उठलेली म्हातारी सापडायची असेल तर कारणाच्या रकान्यात नाही, रोजच्या एकूण मृत्यूंच्या बेरजेतच सापडेल. ती बेरीज प्रत्येक नगरपालिकेच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत आजही पडून आहे.