समीक्षेच्या उताऱ्यात अनुमान कुठे थांबतं आणि अन्वयार्थ कुठे सुरू होतो

साहित्याची आवड असलेली मुलं वाचन आकलनाच्या परीक्षेत नेमक्या समीक्षेच्या उताऱ्यावर गुण घालवतात. कारण त्यांना अन्वयार्थ लावायची सवय असते, आणि प्रश्न अनुमानाचा असतो.

अन्वयार्थ समीक्षक लावतो, कलाकृतीचा. आपल्यासमोर कलाकृती नसते, फक्त समीक्षकाचा मजकूर असतो. त्याने जे लिहिलं ते खरं मानलं तर आणखी काय मान्य करावंच लागेल, एवढंच अनुमानात शोधायचं.

समजा उतारा असा आहे: ‘या कादंबरीच्या निवेदकाला बहुतेक समीक्षकांनी भाबडा ठरवलं आहे. पण तो जिथे जिथे चुकतो, तिथे चूक त्याच्याच फायद्याची ठरते, हे त्यांच्या ध्यानात आलेलं दिसत नाही.’

‘निवेदकाच्या भाबडेपणाबद्दल उताऱ्याच्या लेखकाला शंका आहे’ हे अनुमान. ते थेट लिहिलेलं नाही, तरी ‘पण’नंतरचं वाक्य त्याशिवाय उभंच राहत नाही. ‘वाचकाला फसवणं हाच कादंबरीचा हेतू आहे’ हा अन्वयार्थ. चांगला आहे, त्यावर निबंध लिहिता येईल; पण कादंबरीच्या हेतूबद्दल उतारा अवाक्षर काढत नाही. ‘निवेदक भाबडा आहे’ हा पर्याय तर सर्वांत फसवा, कारण ते शब्द उताऱ्यात आहेत, फक्त ते दुसऱ्यांचं मत म्हणून आलेत. समीक्षेत असे परके आवाज फार असतात. ‘असं मानलं जातं’, ‘वरवर पाहता’ असं काही दिसलं की हे कोण बोलतंय ते आधी ठरवावं.

शंका उरलीच तर पर्याय उलटा करून पाहावा. ‘लेखकाला निवेदकाच्या भाबडेपणाबद्दल कसलीच शंका नाही’ म्हटलं की उताऱ्याशी भांडण होतं. ‘वाचकाला फसवणं हा हेतू नाही’ म्हटलं तरी उताऱ्याचं काहीच बिघडत नाही, म्हणजे तो पर्याय उताऱ्यातून आलेलाच नव्हता.

‘नेहमी’, ‘केवळ’, ‘एकमेव’ असे शब्दही तपासावेत. ‘दिसत नाही’ म्हणणाऱ्या सावध लेखकाच्या तोंडी ते सहसा शोभत नाहीत.

जीआरई या पदव्युत्तर प्रवेशासाठीच्या परीक्षेत काही प्रश्नांना तीन पर्याय असतात आणि त्यांतला एक, दोन किंवा तिन्ही बरोबर असू शकतात. तिथे त्यातल्या त्यात बरा पर्याय निवडून भागत नाही. प्रत्येकाला स्वतंत्रपणे उताऱ्यातला आधार दाखवावा लागतो.