१०८ मेगापिक्सेलचा फोन, १२ मेगापिक्सेलचा फोटो

सॅमसंगचा गॅलक्सी एस२० अल्ट्रा हा फोन २०२० मध्ये आला. मुख्य कॅमेरा १०८ मेगापिक्सेलचा, पण नेहमीच्या सेटिंगवर फोटो यायचा १२ मेगापिक्सेलचाच. ही फसवणूक नव्हे, नाइलाज होता.

त्या कॅमेऱ्याच्या सेन्सरचा, म्हणजे प्रकाश टिपणाऱ्या चिपचा, एक पिक्सेल ०.८ मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग). असे १२,००० आडवे आणि ९,००० उभे मांडले तरी सेन्सर भरतो जेमतेम ९.६ × ७.२ मिलिमीटर, करंगळीच्या नखाएवढा. फुल फ्रेम या मोठ्या सेन्सरच्या कॅमेऱ्यात तो ३६ × २४ मिलिमीटर, म्हणजे क्षेत्रफळ साडेबारा पट. तुकडे जास्त केले म्हणून भाकरी मोठी होत नाही. (सेन्सरचा इंचातला आकडा तर विसराच. '१ इंची' सेन्सर प्रत्यक्षात १३.२ × ८.८ मिलिमीटरचा असतो. हे माप जुन्या टीव्ही कॅमेऱ्यांच्या नळ्यांवरून आलंय.)

प्रकाश कणाकणाने येतो, आणि पावसाच्या थेंबांसारखा बेशिस्त. एका पिक्सेलवर सरासरी १०० फोटॉन, म्हणजे प्रकाशकण, पडत असतील, तर दहाएक कमीजास्त होणारच. चूक १० टक्के. ९०० पडले तर चढउतार ३०चा, म्हणजे ३.३ टक्के. मंद उजेडातल्या फोटोत दिसणारा रवाळपणा मुख्यतः इथून येतो. म्हणून फोन शेजारचे ९ पिक्सेल मिळून एकच धरतो. १०८ भागिले ९, बारा.

'जास्त पिक्सेल म्हणजे जास्त नॉइज (हाच रवाळपणा)' हे मात्र अर्धसत्य. स्क्रीनवर फोटो ताणून पाहिला तर दाणे दिसतात. पण सारख्याच आकाराच्या दोन सेन्सरांचे फोटो एकाच मापात छापा, फरक बराचसा मिटतो. एकूण प्रकाश तेवढाच ना! अगदी काळोखात प्रत्येक पिक्सेल वाचताना सर्किटकडून होणारी चूक जाणवू लागते, तिथे मोठे पिक्सेल सरस.

बारीक पिक्सेलना आणखी एक अडसर आहे. प्रकाश लाटही आहे, त्यामुळे एफ/१.८च्या (एफपुढचा आकडा जितका लहान, तितका भिंगातून जास्त प्रकाश) निर्दोष भिंगातूनही हिरव्या प्रकाशाचा बिंदू सुमारे २.४ मायक्रॉनचा ठिपका होऊन पडतो: तीन पिक्सेल रुंद. जाड बोरूने आलेखाच्या कागदावर चौकोनागणिक एक अक्षर लिहायला बसावं, तसं.

आणि साडेबारा पटींचा तो हिशेब? क्षेत्रफळ तेवढं म्हणून प्रकाशही तेवढा पट, हे भिंगाचा एफ-आकडा सारखा असेल तरच. फुल फ्रेमवर एफ/४ची लेन्स लावली की तेवढ्याच जागेवर एफ/१.८च्या मानाने पाचवा हिस्सा प्रकाश पोचतो, आणि आघाडी उरते अडीच पटींची. फोन चारपाच फोटो एकापाठोपाठ काढून ते एकमेकांत मिसळतो, तेव्हा तीही भरून निघते.