जुना ट्रॅक्टर, दुसऱ्याचे भाग: कोल्हापुरातील जुळणीची पार्श्वभूमी

कोल्हापूर जिल्ह्यात एखाद्या जुन्या ट्रॅक्टरच्या बॉनेटवर एका कंपनीचे नाव, बॉनेटखाली दुसऱ्याच मॉडेलचे इंजिन आणि मागे तिसरीकडून आणलेली, अवजार उचलणारी लिफ्ट असली, तर त्यात कोणाला फारसे वावगे वाटत नाही. करवीर, कागल, शिरोळ, हातकणंगले या उसाच्या पट्ट्यात चाळीस-पन्नास वर्षांपूर्वीचे काही ट्रॅक्टर अजून कामावर आहेत, ते बव्हंशी अशा जुळणीच्या बळावर. बाहेरून पाहणाऱ्याला हा निव्वळ जुगाड वाटतो आणि काही वेळा तो तसा असतोही. परंतु कोणता भाग कोणाला बसतो आणि कोणता बसत नाही, हे बरेचसे त्या ट्रॅक्टरांच्या कुळावरून ठरते, म्हणून आधी ती कुळे पाहणे आवश्यक आहे.

शेतीचा ट्रॅक्टर पहिल्यापासूनच दुसऱ्या यंत्रांच्या भागांवर वाढलेला आहे. अमेरिकेत १९१० च्या दशकात फोर्डच्या मॉडेल टी मोटारीला मोठी लोखंडी चाके आणि गती उतरवणारे गियर जोडून तिचा नांगरणीसाठी उपयोग करण्याचे तयार संच विकले जात होते. हॅरी फर्ग्युसन यांचा प्रसिद्ध करडा टीई-२० हा ट्रॅक्टर १९४६ ते १९५६ या काळात इंग्लंडमधील कोव्हेंट्री येथे स्टँडर्ड मोटर कंपनीने तयार केला आणि त्याचे उत्पादन पाच लाखांच्या पुढे गेले. पण स्टँडर्डचे स्वतःचे इंजिन तयार नव्हते तोवर सुरुवातीच्या ट्रॅक्टरांत अमेरिकेतील कॉन्टिनेंटल कंपनीचे इंजिन बसवलेले होते. पुढे जे इंजिन आले ते स्टँडर्डच्या व्हॅनगार्ड मोटारीच्या इंजिनाच्या जातकुळीतले होते, त्यामुळे मोटारीचे लायनर (सिलिंडरच्या आत बसणारी नळी) आणि पिस्टन ट्रॅक्टरमध्ये घालून ताकद वाढवण्याची युक्ती तिकडच्या शेतकऱ्यांना लवकरच सापडली. पर्किन्स कंपनीने तर आपले तीन सिलिंडरचे पी-३ डिझेल इंजिन पेट्रोल-रॉकेलवर चालणाऱ्या जुन्या ट्रॅक्टरांत बसवता यावे म्हणून त्याचे संचच बाजारात आणले.

अमेरिकेत कॅन्सस राज्यातील फंक बंधूंनी चार सिलिंडरच्या फोर्ड ८एन ट्रॅक्टरमध्ये सहा आणि आठ सिलिंडरची फोर्ड इंजिने बसवण्याचे साहित्य विकले. इंग्लंडमध्ये एसेक्स परगण्यातील अर्नेस्ट डो या विक्रेत्यांनी दोन फोर्डसन ट्रॅक्टर एकामागे एक जोडून १९५० च्या दशकाच्या अखेरीस ‘ट्रिपल-डी’ नावाचे यंत्र काढले, ज्याची मूळ कल्पना एका शेतकऱ्याची होती. रोडलेस कंपनीने फोर्डसनला चारही चाकांची ओढ देण्यासाठी अमेरिकी लष्कराच्या जीएमसी ट्रकांचे पुढचे अ‍ॅक्सल वापरले. आपल्याकडील मेस्त्रीने असे काही केले की त्याला गावठी म्हणायचे आणि विलायतेत झाले की त्याचे संग्रहालय करायचे, ही रीत काही न्याय्य नाही.

या सगळ्यातून टिकलेली आणि कोल्हापूरच्या शिवारात रोज हाताळली जाणारी गोष्ट म्हणजे मागची जोडणी. फर्ग्युसन यांनी तीन दांड्यांनी अवजार ट्रॅक्टरला जोडण्याची आणि नांगरावर पडणारा ओढीचा ताण वरच्या दांड्यातून हायड्रॉलिकपर्यंत पोहोचवण्याची पद्धत रूढ केली. नांगर जड लागला की लिफ्ट तो आपोआप किंचित उचलते आणि त्याचे वजन मागच्या चाकांवर येऊन पकड वाढते. ही पद्धत पुढे सर्वांनी उचलली आणि तिचे प्रमाणित वर्ग ठरले. पहिल्या वर्गात खालच्या दांड्यांची पिन २२ मिलिमीटरची व वरची १९ ची, तर दुसऱ्या वर्गात अनुक्रमे २८ आणि २५ मिलिमीटरची असते. अवजार फिरवणाऱ्या पीटीओ शाफ्टचेही तसेच झाले: एक पूर्णांक तीन अष्टमांश इंच व्यासाचा, सहा खाचांचा, मिनिटाला ५४० फेरे घेणारा शाफ्ट हे सर्वमान्य माप बनले. ट्रॅक्टर कोणाचाही असला तरी त्याला कोणाचाही कल्टिव्हेटर लागतो, तो या प्रमाणीकरणामुळे. आणि एकदा मागची बाजू सर्वांची एक झाली की पुढे काय बसवावे याचे स्वातंत्र्यही वाढते.

भारतात ट्रॅक्टर बनू लागले ते परदेशी घराण्यांच्या आधारे. जर्मन आयशरच्या सहकार्याने फरीदाबादला १९५९ साली तयार झालेला ट्रॅक्टर एका सिलिंडरचा आणि हवेने थंड होणारा होता. मद्रासला १९६० साली स्थापन झालेल्या टाफेने मॅसी फर्ग्युसन ३५ चा वारसा घेतला, आणि आजही गावोगावी दिसणारा १०३५ हा त्याच वंशातला आहे. त्याला इंजिन पुरवणारी सिम्प्सन कंपनी त्याच उद्योगसमूहातली आणि पर्किन्सच्या परवान्यावर इंजिने बनवणारी होती. महिंद्रने इंटरनॅशनल हार्वेस्टरशी भागीदारी करून १९६३ साली कंपनी काढली आणि मुंबईत कांदिवलीला बी-२७५ तयार केला. एस्कॉर्ट्सने पोलंडच्या उर्सुसचे तंत्रज्ञान घेतले व १९७१ पासून फोर्ड ३००० आणला. पंजाब ट्रॅक्टर्सचा स्वराज १९७४ साली आला तो मात्र दुर्गापूरच्या राष्ट्रीय प्रयोगशाळेने आखलेल्या देशी आराखड्यावर, आणि त्याच्या इंजिनांसाठी १९८५ साली स्थापन झालेल्या कंपनीत आपल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सचा सहभाग होता.

जुळणीच्या दृष्टीने सर्वांत बोलके उदाहरण एचएमटीचे आहे. पिंजोरच्या कारखान्यात १९७१ साली सुरू झालेला २५११ हा चेकोस्लोव्हाकियाच्या झेटॉरचा होता, आणि झेटॉरने १९६० च्या सुमारास आपली संपूर्ण मालिकाच सामाईक भागांच्या तत्त्वावर नव्याने आखली होती. दोन, तीन आणि चार सिलिंडरच्या ट्रॅक्टरांत सिलिंडरची संख्या बदलली तरी पिस्टन, लायनर, कनेक्टिंग रॉड यांसारखे भाग शक्य तेवढे एकच राहावेत, अशी ती आखणी होती. एका मॉडेलचा भाग दुसऱ्याला घालणे हे तिथे कारखान्यानेच गृहीत धरलेले होते. म्हणून एचएमटी कंपनीने २०१६ मध्ये ट्रॅक्टरचे उत्पादन बंद केल्यावरही त्यांचे जुने ट्रॅक्टर एकाएकी निकामी झाले नाहीत. याउलट जुना हवेने थंड होणारा आयशर ज्यांच्याकडे आहे त्यांना पाण्याने थंड होणारे इंजिन बसवायचे म्हटले तर रेडिएटरसाठी जागा करणे, पंखा आणि होसपाइप यांची मांडणी बदलणे, पुढच्या अ‍ॅक्सलवरचा भार नव्याने मोजणे, असे एकातून एक निघत जाते.

त्यात टंचाईची भर पडली. ट्रॅक्टरला मागणी इतकी आणि पुरवठा इतका कमी की १९७१ मध्ये केंद्र सरकारला त्याच्या वाटप आणि विक्रीवर नियंत्रणाचा आदेश काढावा लागला. रशिया, चेकोस्लोव्हाकिया, पोलंड, रुमानिया येथून आलेल्या यंत्रांचे सुटे भाग तर आयातीच्या मर्जीवर होते. अशा वेळी बंद पडलेला ट्रॅक्टर भंगारात न घालता त्याचे भाग दुसऱ्यासाठी राखून ठेवणे यात हौस कमी आणि निकड जास्त होती.

कोल्हापूरला या निकडीसाठी लागणारे हात आधीच तयार होते. छत्रपती शाहू महाराजांनी शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, राधानगरी धरणाचे काम हाती घेतले आणि पुढे पंचगंगेच्या खोऱ्यात ऊस आणि गूळ यांचे अर्थकारण रुजले. विहिरीवरचे पाणी उपसण्यासाठी आणि गुऱ्हाळाचा चरक फिरवण्यासाठी ऑइल इंजिने लागत, ती दुरुस्त करता करता येथील कारागीर ती स्वतः ओतू आणि घडवू लागले. वाय. पी. पोवार, म्हादबा मेस्त्री यांच्या पिढीने उभा केलेला हा उद्योग शिवाजी उद्यमनगरात बहरला. वीजपंप आल्यावर ऑइल इंजिनांची मागणी ओसरली, पण फौंड्र्या, लेथ आणि कसब राहिले. ते शिरोली आणि गोकुळ शिरगावच्या औद्योगिक वसाहतींत वाहनांच्या सुट्या भागांकडे वळले आणि आज कोल्हापूरचे ओतीव काम देशभरच्या वाहन व ट्रॅक्टर उद्योगाला जाते. ज्या गावात लायनरपासून बेअरिंगपर्यंतचे भाग तयार होतात, तिथे जुन्या इंजिनाला जवळच्या मापाचा पिस्टन शोधून तो घासून बसवणारा माणूस सापडणे अवघड नव्हते.

प्रत्यक्ष काम कसे चालते ते दोन ठिकाणी जवळून पाहिल्यास या कसबाची कल्पना येते. पहिले ठिकाण इंजिन आणि गियरबॉक्स यांच्या सांध्याचे. मधे अ‍ॅडॉप्टर प्लेट, म्हणजे दोन वेगळ्या मापांचे भाग जोडणारी जाड पट्टी, घालायची, एवढे सांगून भागत नाही. क्रँकशाफ्ट आणि गियरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आले पाहिजेत, आणि त्यासाठी प्लेटच्या मधल्या भोकाचा मध्य डायल गेज लावून मिलिमीटरच्या शतांश भागांत जुळवावा लागतो. फ्लायव्हीलच्या मध्यभागी बसणारे छोटे पायलट बेअरिंग शाफ्टच्या टोकाला सैल असले किंवा प्लेटची जाडी चुकल्यामुळे ते टोक बेअरिंगपर्यंत पोहोचलेच नाही, तर सुरुवातीला सर्व ठीक चालते. पण काही महिन्यांत क्लच प्लेटच्या खाचा झिजतात, गियरबॉक्सचे पुढचे बेअरिंग आवाज करू लागते आणि तेल क्लचवर येते. अनुभवी मेस्त्री म्हणून बोल्ट आवळून झाल्यावर घाई करत नाही. तो प्लेटची जागा पक्की करण्यासाठी आधी डॉवेल पिना ठोकतो, कारण केवळ बोल्टांच्या भरवशावर सोडलेली प्लेट ओझ्याखाली सरकते.

दुसरे ठिकाण साध्या बोल्टचे. जुन्या इंग्लिश यंत्रांत व्हिटवर्थ आटे भेटतात, अमेरिकन धाटणीच्या यंत्रांत युनिफाइड आणि झेटॉरमध्ये मेट्रिक. अर्ध्या इंचाच्या व्हिटवर्थ बोल्टला इंचात १२ आटे असतात आणि युनिफाइड भरड बोल्टला १३. सुरुवातीचे दोन-तीन फेरे बोल्ट हाताने जातो, मग अडतो, आणि पान्याने जोर दिला की आटे मरतात. इतर बऱ्याच मापांत दोन्हींच्या आट्यांची संख्या जुळते, पण आट्याचा कोन एकीकडे ५५ अंशांचा आणि दुसरीकडे ६० अंशांचा असल्याने पकड अर्धवट राहते, आणि ती चूक बाहेरून दिसत नाही. भंगारातून आणलेल्या भागाबरोबर त्याचेच बोल्ट मागून घेणारा गिऱ्हाईक चिक्कू नसतो, जाणता असतो.

विजेचे काम त्या मानाने सोपे असते. जुन्या इंग्लिश ट्रॅक्टरांत बॅटरीचे धन टोक चेसिसला जोडलेले असे. डायनामो काढून आजचा अल्टरनेटर लावायचा तर ही जोडणी उलटी करावी लागते, नाही तर पहिल्याच सेकंदाला अल्टरनेटरचे डायोड जळतात. पॉवर स्टिअरिंग बसवण्याची मागणीही असते, आणि त्यासाठी पंप, पाइप, सिलिंडर आणि टाकी एवढे सारे एका जागी बसवावे लागते.

पीटीओच्या बाबतीत मात्र फसगत होते. एकाच क्लचच्या जुन्या ट्रॅक्टरात क्लच दाबला की चाकांबरोबर रोटाव्हेटरही थांबतो, आणि उसाचे पाचट असलेल्या रानात ते फार अडचणीचे ठरते. म्हणून दुहेरी क्लच आणून बसवण्याची कल्पना पुढे येते. परंतु दुहेरी क्लचचा उपयोग व्हायला गियरबॉक्समध्ये एकात एक असे दोन शाफ्ट असावे लागतात. ते नसतील तर नवा क्लच जुन्यासारखाच वागतो आणि खर्च मात्र दुप्पट होतो.

सर्वांत गंभीर प्रश्न ताकदीचा आहे. पस्तीस अश्वशक्तीच्या सांगाड्यात पन्नासचे इंजिन बसवले तर ती वाढीव ताकद गियरबॉक्स, क्राउन-पिनियन (ताकद मागच्या अ‍ॅक्सलकडे वळवणारी दातेरी चाकांची जोडी) आणि मागच्या अ‍ॅक्सलमधूनच जमिनीपर्यंत जाते, आणि त्यांतील सर्वांत अशक्त भाग आधी तुटतो. ब्रेक मात्र जुनेच राहतात. ऊस गळीत हंगामात भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन घाटरस्त्याने किंवा वर्दळीच्या रस्त्याने कारखान्याकडे निघालेला असा ट्रॅक्टर चढावर भाव खातो आणि उतारावर भय दाखवतो. माझ्या मते इंजिन बदलण्यापूर्वी ब्रेक आणि ट्रॉलीची जोडणी यांच्याकडे पाहण्याची सवय अजून पुरेशी रुजलेली नाही.

कायद्याचा भागही विसरता येत नाही. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणीत दिलेल्या मूळ तपशिलांशी विसंगत बदल करता येत नाही. इंजिन बदलण्याला काही अटींवर वाट ठेवलेली आहे, पण ती नोंदणी अधिकाऱ्याच्या मान्यतेतून जाते. सर्वोच्च न्यायालयानेही जानेवारी २०१९ मध्ये उत्पादकाच्या मूळ आराखड्यापासून दूर जाणाऱ्या बदलांबाबत हीच भूमिका घेतली. नोंदणीपुस्तकात इंजिन क्रमांक आणि चेसिस क्रमांक वेगवेगळे लिहिलेले असतात, त्यामुळे एमएच-०९ पाटीच्या जुन्या ट्रॅक्टरला दुसरे इंजिन बसवल्यावर पुस्तक तसेच राहिले, तर अडचण विक्रीच्या, विम्याच्या किंवा अपघाताच्या वेळी येते. ब्लॉकवर कोरलेला क्रमांक, ज्या ट्रॅक्टरमधून इंजिन काढले त्याची कागदपत्रे आणि खरेदीची पावती हे तिन्ही एकत्र ठेवल्याशिवाय इंजिन उचलू नये, असे उद्यमनगरातील सावध मेस्त्री गिऱ्हाइकाला आता आधीच बजावतो.