डेकल्ससाठी प्रोफाइल नको, फोटो पाठवा

डेकल्स म्हणजे विमानाच्या मॉडेलवर चिकटवायची छापील चिन्हं; ती आम्ही छापून देतो. स्पिटफायर, हरिकेन या दुसऱ्या महायुद्धातल्या विमानांची डेकल्स तयार असतात. ती घेऊन जा, प्रश्न नाही. घोडं अडतं ते व्हल्टी व्हेंजन्ससारख्या विमानापाशी. भारतीय हवाई दलाच्या ८ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने डिसेंबर १९४३ पासून आणि ७ क्रमांकाच्या स्क्वाड्रनने मार्च १९४४ पासून हे डाइव्ह बॉम्बर (सूर मारून बॉम्ब टाकणारं विमान) बर्मा आघाडीवर वापरलं. साहजिकच 'आपलं' विमान म्हणून त्याची मागणी येते आणि सोबत येतं इंटरनेटवरचं एक सुबक रंगीत प्रोफाइल, म्हणजे विमानाचं बाजूने काढलेलं चित्र: "अगदी असंच करून द्या."

प्रोफाइल हा पुरावा नव्हे. ते कुणीतरी फोटोवरून काढतं, पुढचा त्याच्यावरून काढतो आणि न दिसणारी बाजू दोघंही अंदाजाने रंगवतात. राउंडेलच्या (हवाई दलाच्या गोल खुणेच्या) मधोमध लाल ठिपका असेल तर आम्ही तिथेच हात आखडतो. जपानी खुणेशी गल्लत होऊ नये म्हणून या आघाडीवर तो लाल काढून टाकला होता. गडद निळ्याच्या आत पांढरा किंवा फिकट निळा असायचा.

म्हणून आधी नेमकं विमान ठरवा. प्रकार नव्हे, एकच विमान: त्याचा सिरियल नंबर (त्या एकाच विमानाचा अक्षर-आकडी क्रमांक) आणि साधारण महिना. नुसतं बाजूचं मोठं अक्षर पुरत नाही, कारण विमान गेलं की तेच अक्षर बदली विमानाला मिळायचं. लंडनच्या नॅशनल आर्काइव्ह्जमधल्या एआयआर २७ या मालिकेत स्क्वाड्रनच्या नोंदवह्या आहेत. त्यातला फॉर्म ५४१ बघा, त्यात उड्डाणागणिक तारीख, विमान आणि वैमानिक लिहिलेले असतात. फॉर्म ५४० हा सारांश; वाचायला छान, पण आपल्या कामाला तोकडा.

सिरियलवरून मार्क, म्हणजे विमानाची आवृत्ती, कळते आणि मार्कवरून मॉडेलचं किट. मार्क १ ते ३ मध्ये पंख धडाला शून्य अंशात बसवलेला आहे, मागे दोन मशिनगन. मार्क ४ मध्ये पंख चार अंश कललेला आणि मागे एकच जाड गन. मार्क ४ चं किट जोडून झाल्यावर आघाडीवरच्या जुन्या मार्कची डेकल्स मागितलीत, तर आम्ही छापून देऊ, पण मॉडेल चुकलेलंच राहील.

आता माप. ब्रिटिश सिरियलची अक्षरं साधारणपणे ८ इंच उंच असत, म्हणजे फोटोतच फूटपट्टी आहे. समजा फोटोत अक्षर ४ मिमी आणि राउंडेल १८ मिमी उंच आहे. १८ भागिले ४, गुणिले ८, म्हणजे ३६ इंच. १:७२ प्रमाणाच्या मॉडेलमध्ये ते १२.७ मिमी होतं, १:४८ मध्ये १९ मिमी. मोजायची ती उंचीच. तिरक्या फोटोत रुंदी आकसते. फारच तिरका असेल तर सिरियल आणि राउंडेल कॅमेऱ्यापासून सारख्या अंतरावर नसतात आणि हिशेब फसतो. अशा वेळी दुसरा फोटो शोधा.

रंगाच्या बाबतीत फोटोवर डोळे झाकून विश्वास नको. ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मवर (लाल रंग न टिपणाऱ्या जुन्या कृष्णधवल फिल्मवर) लाल जवळजवळ काळा दिसतो, पिवळा गडद आणि निळा फिका. "काळं अक्षर" म्हणून पाठवलेलं अक्षर लालही असू शकतं. संग्रहालयातलं विमान तर नंतर पुन्हा रंगवलेलं असतं. पॅनेल, रिव्हेट बघायला उत्तम, रंगासाठी नाही.

इतके प्रश्न का विचारता, असं काउंटरवर ऐकावं लागतं. कारण सांगतो. डेकलची शाई पारदर्शक असते. हिरव्या-तपकिरी रंगावर निळा काळपट पडू नये म्हणून खाली पांढरा थर वेगळा छापावा लागतो आणि दोन्ही थर काटेकोर जुळवावे लागतात. राउंडेल एक मिलिमीटरने चुकला की अख्खी शीट बाद. आमची चूक असेल तर दुसरी शीट फुकट. दिलेलं माप चुकीचं निघालं तर पुन्हा पैसे पडतात.

फोटो पाठवताना स्कॅन पूर्ण आकारात पाठवा, व्हॉट्सॲपवर 'डॉक्युमेंट' म्हणून. नाहीतर सिरियलचा नुसता ठिपका उरतो. फोटोखालची मूळ ओळही कापू नका. सिरियल वाचता येत नसेल तर तसंच आणा, आम्ही मोठा करून बघतो, त्याचे पैसे नाहीत. पूर्ण शोध आमच्यावर सोपवलात तर शुल्क वेगळं, पण ते डेकलच्या बिलातून वजा होतं.

जुलै-ऑगस्टमध्ये एक शीट जास्त मागवा. पुण्याच्या पावसाळी हवेत लॅकर (वरून मारायचं पारदर्शक वार्निश) दुधाळ पडतो आणि पहिला हात बहुधा वाया जातो.